जावयाचा लाल भात

तेजराम फुफाजी लालबर्र्याहून निघाले की आधी त्यांचा फोन यायचा. "निघालो." बस्स, एवढंच. जणू कलेक्टरची गाडी सुटली. मग किरनापूरजवळच्या त्या गावात मयुरीच्या घरी धावपळ सुरू व्हायची. आई चुलीवरची भाजी उतरवून दुसरी चढवायची, बाबा बनियनवर धुतलेला सदरा चढवायचे आणि मयुरीला आतून काशाची परात आणि पितळी तांब्या आणावा लागायचा.

कारण फुफाजी म्हणजे घरचे जावई. बाबांच्या एकुलत्या एका बहिणीचा, सरिता आत्याचा नवरा. जावई दारात आला की घरच्या कर्त्या पुरुषानं उकिडवं बसून त्याचे पाय धुवायचे, पंच्यानं पुसायचे आणि वर पाया पडायचं. मग तो आपल्याहून दहा वर्षांनी लहान का असेना! जावयानं काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं. जावयाला 'नाही' म्हणायचं नाही. मयुरीच्या बाबांनी, म्हणजे शालिकरामांनी, ते कधीच म्हटलं नव्हतं.

परात धरून उभ्या असलेल्या मयुरीला ते पाय अगदी जवळून दिसायचे. मोज्यांच्या रेघा उमटलेले, पांढुरके, घामेजलेले. पूजा करावी असं त्यांत काय आहे हे तिला सोळा वर्षांत सापडलं नव्हतं. या पायांनी कधी चिखल तुडवला असता तरी एक वेळ गोष्ट वेगळी होती.

फुफाजींनी आधी चुंबकाची गादी विकली. तिच्यावर झोपून कोणाची कंबर बरी झाली ते कोणालाच माहीत नाही. गादी मात्र आत्याच्या अंगणात मिरच्या वाळवायच्या कामी आली. मग पाणी शुद्ध करणारं यंत्र आणलं. त्याच्यातून पाणी यायचं, पण यायला दुपार लागायची. आणि यंदा, ऐन ज्येष्ठाच्या उन्हात, फुफाजी कोट घालून आले. कोट! बाहेर बैल सावली सोडत नव्हते आणि हे मोटरसायकलवरून कोटात उतरले, छातीवर बिल्ला: 'सिल्वर लीडर'. बालाघाटच्या कुठल्याशा हॉलमध्ये त्यांना तो टाळ्यांच्या कडकडाटात लावला होता म्हणे. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही एकेक बिल्ला मिळाला असणार, अशी मयुरीची खात्री होती.

पाय धुऊन झाले, चहा झाला. फुफाजींनी कोटाच्या खिशातून एक डबी काढली आणि खाटेवर मधोमध ठेवली.

"शालिकभाऊ, ह्या डबीत काय हाय, सांगा बरं?"

"काय हाय जी, पाहुणे?"

"भात."

"भात?" बाबा हसले. "एवढ्याशा डबीत?"

"लाल भात! लाल भाताचा अर्क. कॅप्सूलमधी भरला हाय. नसा साफ. तुमच्या रक्तातली चरबी अशी वितळंल, जसं तव्यावर तूप."

होळीनंतर बालाघाटच्या डॉक्टर मॅडमनी बाबांचं रक्त तपासलं होतं. चरबी फार वाढली होती. मॅडमनी एक बारीक पांढरी गोळी दिली होती, रोज एक, आणि बाबा ती नेमानं घेत होते. हे सगळं फुफाजींना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर डबी निघाली होती.

"पण माई गोळी चालू हाय ना जी."

"चालू राहू द्या! मी कुठं बंद कराले सांगून राह्यलो? गोळी इकडून, भात तिकडून. डबल असर!" फुफाजींनी दोन्ही हातांनी हवेतल्या चरबीला जणू चिमट्यात धरलं.

मयुरी दारातून म्हणाली, "फुफाजी, डॉक्टर मॅडमले विचारा लागंल ना?"

काही महिन्यांपूर्वीची मयुरी हे बोलली नसती. पण शाळेत पर्यावरणावर मायकवरून पाच मिनिटं बोलल्यापासून, आणि त्या पाच मिनिटांत कोणी न हसल्यापासून, तिला आपल्या आवाजाची सवय लागली होती.

फुफाजींनी तिच्याकडे असं पाहिलं जसं कोंबडीनं हिशोब विचारला असावा. "बेटा, दवाई असली तं विचाराव. हे दवाई थोडी हाय? आहार हाय, आहार. तू खिचडी खातानी डॉक्टरले विचारून खाते का?"

सगळे हसले. आईसुद्धा. बाबांनी दोन्ही हात पुढे करून डबी घेतली, कपाळाला लावली. "भातच तं हाय, मयू," ते म्हणाले. "भातानं कोणाले काय होते?"

आणि इथेच घात झाला. या भागात सकाळी भात, दुपारी भात, आजारी पडलं तर पेज, बरं झालं तर भात. बाळाचा पहिला घास भाताचा. बाबांचं सारं आयुष्य धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात, गेलेलं. त्यांना कोणी गव्हाची गोळी दिली असती तर दोनदा विचार केला असता. भाताबद्दल काय विचार करायचा?

जेवणानंतर फुफाजींनी कोटाच्या आतल्या खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढली, एक गोळी फोडून पटकन तोंडात टाकली आणि मयुरीकडे पाण्यासाठी हात केला.

"हे कायची गोळी, फुफाजी?"

"ॲसिडिटी," ते म्हणाले आणि पट्टी खिशात गेली. पट्टीवर निळी रेघ होती. मयुरीला ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. पण फुफाजींच्या पोटातल्या ॲसिडमध्ये तिला काडीचा रस नव्हता.

दोन आठवड्यांनी पाऊस लागला, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार झाले आणि रोवणा सुरू झाला. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून धान लावायचं म्हणजे कोणाचे पाय दुखत नाहीत? बाबांचे दुखले. मांड्या, पोटऱ्या, खांदे. आईनं मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलं. शेजारचा नथ्थू म्हणाला, "माये बी दुखून राह्यले बा." साऱ्या गावाचे पाय दुखत होते, त्यात बाबांच्या पायांची वेगळी चौकशी कोण करणार?

पण रोवणा संपला. नथ्थू आठ दिवसांत टुणटुणीत होऊन पानठेल्यावर बसू लागला. बाबांचे पाय काही ऐकेनात. बसले की उठताना खाटेचा पाय धरायचे. किरनापूरला जायच्या बसची पायरी चढताना मागून कोणीतरी ढकलावं लागे. आणि रोज सकाळ-संध्याकाळ, देवाच्या तसबिरीमागे ठेवलेली डबी काढून एकेक कॅप्सूल. डबी संपली की फुफाजींकडून दुसरी यायची, कोणाच्या तरी हाती, न मागता.

"बाबा, बंद करून पाहा ना दोन दिवस," मयुरी म्हणाली.

"पाहुण्यानं एवढ्या मायेनं देल्लं, माय."

माया! त्या माणसाच्या मायेवर बिल्ला होता. मयुरीनं डबीकडे असं पाहिलं की डबीत लाज असती तर झाकण उडालं असतं. पण नुसतंच पाहिलं.

राखीला फुफाजी आत्याला घेऊन आले. तोच कोट. बिल्ला मात्र पिवळा झाला होता. आता ते 'गोल्ड लीडर' होते. मयुरीनं परात ठेवली. बाबा उकिडवे बसले, फुफाजींचा उजवा पाय परातीत घेऊन पाणी ओतलं, चोळला, पुसला. मग डावा धुतला. आणि मग पाया पडून उठायला गेले.

उठले नाहीत.

एकदा हात गुडघ्यावर टेकवून जोर लावला. मांड्या थरथरल्या आणि बाबा परत खाली बसले. दुसऱ्यांदा परातीची कड धरली. परात कलंडली, जावयाच्या पायांचं पाणी बाबांच्या धोतरावर आलं. पन्नास किलोची धानाची गोणी एका दमात पाठीवर घेणारा माणूस स्वतःच्या अंगणात बसल्या जागेवरून उठू शकत नव्हता.

फुफाजी एक ओला पाय हवेत धरून उभे होते. त्यांनी हात पुढे केला? अं हं. ते पायासाठी कोरडी जागा शोधत होते.

मयुरीनं आणि आत्यानं दोन्ही बाजूंनी बाबांना उचललं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दादा, काय झालं रे तुले?"

"काही नाई व. रोवण्याचं हाय."

"रोवणा होऊन महिना झाला, बाबा!" मयुरी ओरडलीच.

फुफाजींनी पाय पुसला आणि खाटेवर बसून मांडी घातली. चेहऱ्यावर हॉलमध्ये शिकवलेलं हसू आलं. "घाबरू नोका. हे तं चांगलं लक्षण हाय. वर्षानुवर्षांची घाण शरीरातून निघून राह्यली, मंग दुखंल नाई का? असर सुरू झाला! आता डोस वाढवा. दोन सकाळी, दोन संध्याकाळी."

दुखत नसतं तर औषध लागू पडलं. दुखतंय, तरी औषधच लागू पडलं. उद्या बाबा अंथरुणावरून हललेच नसते तर या माणसानं बहुतेक पेढे वाटले असते. मयुरीनं संतापानं राखीची मिठाई ताटलीत परत टाकली. आत्या मात्र नवऱ्याकडे एकदा पाहून मान खाली घालून बसली.

बाबांनी दोन-दोन घेतल्या. जावयानं सांगितलं ना!

चौथ्या दिवशी पहाटे आईनं मयुरीला गोठ्यामागे बोलावलं. आई अशी बोलावत नसे. "मयू, तुया बाबाची लघवी..." ती अडखळली. "काळ्या चहावानी होऊन राह्यली. कालपासून. मले म्हणते, कोणाले सांगू नोको."

मयुरीनं शाळेचं दप्तर पलंगावर पालथं केलं, तसबिरीमागची डबी त्यात टाकली आणि अर्ध्या तासात बाबांना बालाघाटच्या पहिल्या बसमध्ये चढवलं. नथ्थूनं खालून ढकललं, तिनं वरून ओढलं.

बस सुटली तसं बाबा हळूच म्हणाले, "मयू, डॉक्टरले कॅप्सूलचं नोको सांगू."

"काहून?"

"पाहुण्याचं नाव खराब होते. आपल्या घरून त्याच्या नावानं काही गेलं, तं तो सरितावर राग काढंल. तिले तेथी राहा लागते." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "आन ते दवाई थोडी हाय, सांगाले. भातच तं हाय."

म्हणजे असं होतं तर. बाबांच्या मांड्या वितळत होत्या आणि बाबा आपल्या बहिणीच्या घरची शांतता जपत होते. तिनं दप्तरातून डबी काढली. आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा ती वाचली.

पुढे सोनेरी अक्षरांत पूर्णपणे नैसर्गिक वगैरे. मागे, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत, इंग्रजीत: रेड यीस्ट राईस. यीस्ट? यीस्ट म्हणजे खमीर, बुरशीची जात. हा धडा तिनं आत्ताच तर केला होता. भातात बुरशी कशाला? त्याखाली आणखी एक ओळ होती: कोलेस्टेरॉलचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. फुफाजींना मूर्ख समजण्यात मयुरी इतकी रमली होती की बायोलॉजीची हुशार विद्यार्थिनी डबीची मागची बाजू वाचायला विसरली होती. बस खड्ड्यात आदळली, आणि तिला ते बरंच वाटलं. तोंडावर कोणीतरी हाणायलाच हवं होतं.

डॉक्टर मॅडम मूळच्या गोंदियाकडच्या, मराठीत बोलत. त्यांनी बाबांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. बाबांना जमलं नाही. मॅडमच्या कपाळावर आठी आली.

"माझ्या गोळीशिवाय अजून काही घेता का, शालिकरामजी? जडीबुटी, ताकदीची पुडी, कोणी दिलेलं काही?"

"नाई जी," बाबा म्हणाले.

मयुरीनं डबी टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटली. "घेतात. आधी दोन, आता दिवसाला चार. आणि परवापासून लघवी काळी होते. जावयानं दिलं म्हणून घेतात, आणि जावयानं दिलं म्हणून तुमच्यापासून लपवतात."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, चोरी पकडलेल्या पोराच्या नजरेनं. ते तिला रागापेक्षा जड गेलं.

मॅडमनी डबी फिरवून वाचली. "हा भात म्हणून दिला?"

"हौ जी. लाल भात."

"शालिकरामजी, हा तुमच्या बांधीतला भात नाही. भातावर एक बुरशी वाढवतात. तिच्यात जे तयार होतं ना, ते आणि माझी गोळी एकाच जातीची. म्हणजे तुम्ही एकच औषध दोन नावांनी घेत होता. माझं मोजून दिलेलं. ह्याच्यात किती आहे, कोणालाच माहीत नाही. डबीगणिक वेगळं असतं. एवढं झालं की स्नायू तुटायला लागतात, आणि त्यांचा कचरा किडनीत अडकतो. ती काळी लघवी तीच."

बाबांनी डबीकडे बोट केलं. "पन पाहुणे म्हणे, आहार हाय."

"पाहुण्यांना म्हणावं, आहार ताटात येतो. डबीत आलं की मला दाखवायचं. चांगलं असो की वाईट, दाखवायचं."

रक्ताचा रिपोर्ट आला. स्नायूंचा जो आकडा दोनशेच्या आत हवा, तो आठ हजारांच्या वर गेला होता. किडनीवर ताण आला होता, पण ती शाबूत होती. "आणखी चार दिवस घेतल्या असत्या तर मी असं बोलले नसते," मॅडम म्हणाल्या. गोळी आणि कॅप्सूल दोन्ही बंद. पाच दिवस सलाईन. लघवी आधी कोऱ्या चहासारखी, मग फिक्या चहासारखी, मग पाण्यासारखी झाली, आणि आईनं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. सुट्टी देताना मॅडम म्हणाल्या, "माझी गोळी वाईट नव्हती. महिन्याभरानं रक्त पाहून परत ठरवू. तोवर कोणाचंही काही नको."

फुफाजी हॉस्पिटलात आले नाहीत. आत्या आली, एकटी, बसनं. तिनं मयुरीला व्हरांड्याच्या कोपऱ्यात ओढलं.

"मयू, मले आधीच सांगाले पाहिजे होतं व. हे सोता नाई घेत ते कॅप्सूल. घरी खोके भरून हायत, एक डबी फोडली नाई. हे डॉक्टरचीच गोळी घेते. तुया बाबाचीच, तेच निळी पट्टी."

ॲसिडिटी! मयुरीला हसावं की थुंकावं कळेना. माणूस विष विकतो, ठीक; निदान अमृत समजून स्वतः पिणारा तरी असावा. हा तर नुसता कोट होता. आत माणूस नव्हताच.

"हे बाबांले सांगशीन का, आत्या?"

आत्यानं पदर सावरला. "सांगतो," ती म्हणाली. आणि आत जाऊन दार लावून सांगितलं. काय बोलणं झालं ते मयुरीला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा आत्या रडलेली होती, पण तिची मान वर होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत नारबोदेची गडबड होती. पळसाच्या डहाळ्या आणि चिंध्यांची ती पुतळी गाडीवर बसवून पोरं गावाबाहेर न्यायला निघाली होती, गावाची सारी रोगराई तिच्या गळ्यात घालून. "खासी-खोकला घेऊन जाय गे नारबोद!" आणि नेमक्या त्या गलक्यात मोटरसायकल थांबली. फोन न करता. फुफाजी उतरले, मागून आत्या. कोट होता. बिल्ला होता.

अंगणात येऊन फुफाजींनी बूट काढले, मोजे काढले आणि उभे राहिले. सवयीनं.

मयुरीनं परात आणून ठेवली, तांब्या ठेवला. बाबा खाटेवरून उठले. हळू, पण हात न टेकता. जवळ आले. आणि उभेच राहिले.

"मांड्या अजून कच्च्या हायत, पाहुणे," ते म्हणाले. "बसलो तं उठनं नाई होत. पाय तुमीच धुवा."

बाबांच्या तोंडून असं वाक्य त्या अंगणानं कधी ऐकलं नव्हतं. फुफाजी हसले, हॉलमधलंच हसू, पण कडेला ते फाटलं होतं. "चालते, चालते! तब्येत महत्त्वाची. तुमच्यासाठीच तं आलो." कोटातून नवी डबी निघाली. "ह्याच्यात लाल भात नाई बरं! हे जवसाचं तेल हाय. एकदम सेफ."

त्यांनी डबी पुढे केली. बाबांचे दोन्ही हात पाठीमागे होते. तिथेच राहिले.

"तुमी घेतले का जी, पाहुणे?"

"हौ ना! रोज घेतो."

"मंग आजची आमच्यासमोर घ्या." बाबांचा आवाज अगदी आदराचा होता. "का तुमची निळी पट्टी आनू?"

फुफाजींनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं नजर खाली केली नाही.

"आन पाहुणे, एक आयका. सरिता महिनाभर येथी राहीन. मले पथ्याचं रांधून द्याले. तुमाले चालंल ना?" ते विचारणं नव्हतं. मयुरीला तेव्हा कळलं, दार लावून काय बोलणं झालं होतं ते.

फुफाजींनी कोटावरचा बिल्ला सरळ केला. एवढी सेमिनारं झाली, पण याचं उत्तर कुठल्याच हॉलमध्ये शिकवलं नव्हतं.

नारबोदेची गाडी दारासमोर आली. बाबांनी पाठीमागचा एक हात काढला, एकच, फुफाजींच्या हातातली डबी घेतली आणि चालत अंगण ओलांडलं. ढकलायला कोणी नाही, ओढायला कोणी नाही. डबी त्यांनी नारबोदेच्या मांडीवर ठेवली.

मयुरी धावत आत गेली, उरलेली लाल भाताची डबी आणली आणि तिच्या शेजारी फेकली. मग सगळ्या गल्लीत, मायकची काही गरज नसलेल्या आवाजात ओरडली, "कॅप्सूल-बिल्ला घेऊन जाय गे नारबोद!"

पोरांनी ते लगेच उचललं. कोणाला काही कळलं नव्हतं, पण घोषणा झकास होती. गाडी वळणावरून गेली तरी आवाज येत होता.

अंगणात फुफाजी कोटात उभे होते, अनवाणी. समोर कोरडी परात. शेवटी त्यांनी वाकून तांब्या उचलला.